अकरा किंवा नऊ हजार एक्याण्णव

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि तिनं लाख वातींचा नवस फेडायला काढला. अमरावतीच्या आमच्या गल्लीत कापसाला तोटा नाही आणि हौसेलाही नाही. तिच्यासकट दहा बायका जमल्या. प्रत्येकीला दहा हजार. मी शाळेत गणित शिकवतो, पण एवढ्यासाठी माझी गरज नव्हती.

मग आईला आठवलं, शकुनाची एक वर पाहिजे. शंभरावर एक, हजारावर एक, तशी लाखावरही एक. झालं. ती एक वात कोणी वळायची यावरून ओसरीवर जी जुंपली, विचारू नका. गेल्या उन्हाळ्यात 'पापड मीच जास्त लाटले' म्हणत अर्धी गल्ली रुसली होती, म्हणून आईचा नियमच होता: सगळ्यांना सारख्या, ना एक कमी ना एक जास्त.

"तू मास्तर हायेस ना? मंग वाटे पाडून दे," ती मला म्हणाली.

मी चरफडत कागद घेतला. एक लाख एक. दोनानं भाग जाईना, तिनानं जाईना, सातानं सहा उरल्या. अकरानं मात्र चोख गेला: नऊ हजार एक्याण्णव. त्याला पुढे कशानंच भाग जाईना. मूळ संख्या, एक नंबरची हेकट. म्हणजे वाटे सारखे पाडायचे तर बायका अकरा हव्यात, नाही तर थेट नऊ हजार एक्याण्णव.

अकरावी कोण, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. अकोल्याची काकू, आईची धाकटी जाऊ. माझ्या लग्नात ती आईच्या पुरणपोळीला जाड म्हणाली, तेव्हापासून चार वर्षं अबोला. दवाखान्यात दार वाजलं की आई मान उचलून बघायची. मला फार वाईट वाटायचं, पण काकूला हे सांगणार कोण?

"दुसरी कोणी बघू?" मी विचारलं.

"नऊ हजार बाया बोलावण्यापरीस तिलेच फोन कर," आई म्हणाली. "पण मी सांगतलं म्हणू नको. हिशोब बसून नाही राह्यला म्हण."

काकू दुसऱ्याच दिवशी एसटीनं आली. "हिशोबापुरती आली बरं मी," दारातच म्हणाली. महिनाभर दोघी शेजारी बसून वाती वळत राहिल्या आणि एकमेकींच्या वातींना नावं ठेवत राहिल्या. शेवटच्या दिवशी जुड्या मोजल्या, तर काकूच्या नऊ हजार ब्याण्णव भरल्या.

"येक जास्तीची केली," काकू खाली बघत म्हणाली. "तुमच्या गुडघ्यासाठी."

नियम मोडला, शकुनही गेला. मी धास्तावलो. आई माझ्याकडे वळली. "लाख दोन झाल्या. त्याले भाग जाते का कशानं?"

"दोनानं जातो. पन्नास हजार एक, पन्नास हजार एक."

"म्हंजे दोघीच्याबी वाट्याले वरची येक हायेच." आई काकूचा हात धरून उठली. "चाल आत. पुरण शिजलं हाय. पोया तू लाट, पाहू किती पातळ येते."