टिकटिक्याचं बटण

सकाळी पावणेआठला आमच्या घरात कुणीही कुणाचं नसतं. माझे हात भांड्यांच्या फेसात, नवरा एक मोजा घालून दुसऱ्याच्या शोधात आणि लेक आरशासमोरून हलायला तयार नाही. अशात बेल वाजली. आमची बेल पाखरासारखी बारीक आवाजात चिवचिवते. सासूबाईंनी दहा बेला वाजवून बघून ती पसंत केली होती.

"आले हो!" मी ओरडले.

पुन्हा चिवचिव.

"अहो, आले म्हटलं ना!"

तिसऱ्यांदा चिवचिव झाली आणि मग दारावर अशी थाप पडली की चौकट हादरली. फेसाळ हातांनीच दार उघडलं, तर समोर बेडूककाका. खाकी शर्ट, चिखलानं भरलेले बूट, हातात कागद.

"ताई, बेल बिघडलीय तुमची. तीनदा दाबली."

"बिघडली? घर डोक्यावर घेतलंय तिनं सकाळी सकाळी," नवरा म्हणाला आणि एका मोज्यानिशी पुढे येऊन त्यानं ती दाबून दाखवली. चिवचिव, चिवचिव.

काकांनी आधी बेलकडे पाहिलं, मग आमच्या तोंडांकडे.

"वाजली?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. काका उंबऱ्यातच थबकले. एखाद्या माणसाला जरा कमी ऐकू येतं, एवढ्यानं काही आभाळ कोसळत नाही. पण हा माणूस गेली बावीस वर्षं कानांवर जगत आला होता.

आमच्या इमारतीमागच्या भिंतीपलीकडे पाणथळीचं राखीव रान आहे. मोठं तळं, पुरुषभर उंचीचं गवत, बगळे, पाणकोंबड्या, खंड्या, आणि आमच्या भिंतीला लागून एक डबकं. काका तिथले रक्षक. तशी कामं साधीच. फाटक उघडायचं, तिकिटं फाडायची, लोकांनी टाकलेल्या पिशव्या उचलायच्या, बदकांना बिस्किटं घालणाऱ्यांना दटावायचं. पण रोज सकाळी साडेसहाला ते बेडकांची मोजणी करतात, आणि ती कानानं. "बगळा काय, उभा असतो लग्नातल्या पाहुण्यासारखा, कुणीही मोजेल," ते म्हणतात. "बेडूक ऐकावा लागतो."

कपडे वाळत घालताना मी त्यांना भिंतीवरून कित्येकदा पाहिलं आहे. आधी बूट काढतात, कारण पायाखाली खडी वाजते. मग डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून उभे राहतात. मिटल्या तोंडानं माणूस स्वतःलाच ऐकत बसतो, असं त्यांचं म्हणणं. उजव्या खिशात बटणं असतात. त्यांची बायको कोपऱ्यावर शिवणकाम करते, आम्ही तिला मावशी म्हणतो; तिच्या डब्यातली ही बटणं. कोटाचं मोठं काळं बटण म्हणजे डराव-डराव करणारा थोराड बेडूक. शर्टाचं बटण म्हणजे गवतातला हिरवा. आणि तान्ह्या बाळाच्या कपड्याचं मोत्याएवढं पांढरं बटण म्हणजे टिकटिक्या. हे नाव काकांनीच ठेवलेलं. नखाएवढा जीव, मनगटी घड्याळासारखा टिकटिकतो आणि राहतो फक्त त्या डबक्यात. एक बेडूक ऐकला की एक बटण उजव्या खिशातून डाव्या खिशात. मग चौकीत जाऊन डावा खिसा टेबलावर रिकामा करायचा आणि नोंदवहीत उतरवायचं.

एकदा कॉलेजची मुलं आवाज टिपायचं यंत्र घेऊन आली होती. यंत्र म्हणालं चार, काका म्हणाले पाच. मुलं हसली. काकांनी त्यांना पाण्याच्या फुटक्या पाइपापाशी नेलं आणि बोटानं आत दाखवलं. पाचवा आत रुसून बसल्यासारखा बसला होता. मुलांनी त्या दिवशी यंत्र बंद केलं आणि वही उघडली. मी एकदा भिंतीवरूनच म्हटलं होतं, "काका, कशाला रोज एवढं उभं राहायचं? अंदाजे लिहा की." तर म्हणाले, "अंदाज हवामानवाल्यांनी करावा, ताई. मी ऐकलं तेवढंच लिहितो."

मावशी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "घरात मी बोलते ते ह्यांना ऐकू येत नाही, चिखलातला बेडूक बरा ऐकू येतो!" आम्ही सगळे हसायचो. काकाही हसायचे.

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. रानाच्या कार्यालयाचं पत्र होतं. दोन वर्षांत मोजणीत टिकटिक्या आढळलेला नाही, सबब डबकं निरुपयोगी. येत्या सोमवारपासून ते बुजवून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करण्यात येईल. भिंतीलगतच्या रहिवाशांनी वाचल्याची सही करावी. सह्या गोळा करायला काकांनाच पाठवलं होतं.

"दोन वर्षं हे बटण खिशातून हललं नाही," त्यांनी ते चिमुकलं पांढरं बटण टेबलावर ठेवलं. "मला वाटलं, गेला तो. घरी सांगताना रडलो मी, ताई."

"काका, एक सांगू?" मी म्हटलं. "सकाळी ओट्याशी उभी असते तेव्हा खिडकीतून टिकटिक येते. आम्हाला वाटलं, घड्याळ बिघडलंय. ह्यांनी दोनदा सेल बदलले. शेवटी घड्याळ काढून कपाटात कपड्यांखाली ठेवलं, तरी येतेच."

"मी म्हणत नव्हतो का, घड्याळ निर्दोष आहे म्हणून!" नवऱ्याचा चेहरा उजळला. "मग झालं तर. काका, आजच लिहून टाका, ऐकू आला. कोण विचारतंय?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. कानांचं बिंग फुटलं तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं तिकिटाच्या खिडकीत काढायची, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"भाऊ," ते म्हणाले, "बोलणं येतं, थोराड बेडूकही येतो; बारीक आवाजाला कान गेले असतील. हात अजून शाबूत आहे. न ऐकलेलं लिहिणार नाही तो."

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं. मग आम्हाला वाचून दाखवलं: "गेल्या दोन वर्षांत टिकटिक्याच्या रकान्यात मी 'नाही' असं लिहिलं आहे. तिथे 'मला ऐकू आला नाही' असं वाचावं. माझ्या कानांची तपासणी व्हावी." खाली सही, तारीख.

"हे वाचून तुम्हाला मोजणीवरून काढतील हो," मी म्हटलं. "वर म्हणतील, बावीस वर्षांचं सगळंच चुकलंय."

हे बोलायला नको होतं. त्यांनी पेन मिटून माझ्याकडे सरकवलं.

"म्हणतील," ते म्हणाले. "म्हणू देत. माझ्या बहिरेपणापायी त्याचं घर बुजवायचं का?"

नवऱ्यानं पायातला मोजा काढून ठेवला. आज तो उशिरा जाणार, हे मला कळलं.

काकांनी पत्राची घडी करून वरच्या खिशात ठेवली. "पण नुसतं माझं लिहिणं पुरायचं नाही. साहेब विचारतील, मग आहे का तो? तुमच्या खिडकीतलं धरत नाहीत. डबक्याशी उभं राहून कुणीतरी ऐकलेलं हवं, आणि खाली त्याची सही हवी."

ते उठले. माझ्या ओल्या तळहातावर त्यांनी ते पांढरं बटण ठेवलं.

"ताई, उद्या सकाळी साडेसहाला डबक्याशी अर्धा तास माझ्याबरोबर उभ्या राहाल का? चपला काढाव्या लागतील. ऐकू आला तर हे बटण या खिशातून त्या खिशात टाका. नाही आला, तर टाकू नका."