पडद्याशेजारचं दार

आक्काबाईंचा उभा जन्म नगरच्या जुन्या थेटरात वडे तळण्यात गेला, पण आतला पिक्चर काही त्यांनी पाहिला नव्हता. भिंतीपलीकडे मारामारीचे आवाज चढले की इंटरव्हल जवळ आलं म्हणायचं, आणि शिव्या घालत कढईत घाणा सोडायचा. पुढं सगळं पब्लिक अंगावर यायचं. चटणीवरून रोज भांडणारा रिक्षावाला मच्छिंद्र तर त्यांना डोळ्यांसमोर नको व्हायचा.

परवा ऐन शोच्या वेळी गॅस संपला. हात रिकामे, म्हणून आक्काबाई पडद्याशेजारच्या दारातून आत शिरल्या. पडदा बाजूलाच राहिला. समोर दिसली ती माणसं. अंधारात एवढे चेहरे एकदम उजळत होते, एकदम विझत होते. सगळ्या थेटराचा श्वास एकाच छातीतून चालल्यासारखा. आणि मच्छिंद्र? लेकरासारखा रडत होता.

दिवे लागेपर्यंत आक्काबाई तिथंच भिंतीला टेकून उभ्या.

"मावशी, कसा हाय पिक्चर?" मॅनेजरनं विचारलं.

"पिक्चर कुनी बघितला!" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र चटणीसाठी तोंड उघडणार, तोच आक्काबाईंनी अख्खं पातेलं त्याच्यापुढं सरकवलं.

"घे, मुडद्या."