कुलूपबंद ओव्या

शिवकन्या अंबडच्या कोर्टासमोर टपरीत अर्ज टाइप करून देते. तिचं मशीन जुनं. त्यातल्या सिस्टीमला अपडेट येणं कधीच थांबलं होतं, आणि येत होते तेव्हा तिनंच ते बंद करून ठेवले होते. एकदा अपडेट झाल्यावर प्रिंटर तीन दिवस हललाच नाही, तारखेला आलेली माणसं तशीच परत गेली. चालतंय ना, मग हात लावायचा नाही, असं तिनं तेव्हापासून ठरवून टाकलं.

त्याच मशीनमध्ये तिच्या वडिलांचा आवाज होता. मल्हारी मेंढरांमागं हिंडताना ओव्या म्हणायचे. म्हातारपणी तिनं त्यांना टपरीत बसवून बेचाळीस ओव्या भरून घेतल्या. मागच्या वर्षी ते वारले. आई, जयवंताबाई, दर शनिवारी बाजाराला आली की टपरीत बसून ऐकायची.

मंगळवारी एका पक्षकाराचा पेनड्राइव्ह लावून तिनं दोन पानं छापली. दुपारनंतर एकही फाइल उघडेना. नावांपुढं भलतीच अक्षरं, आणि स्क्रीनवर इंग्रजीत धमकी: पैसे भरा, मग कुलूप निघेल. तिनं वायर उपटली.

दुरुस्तीवाला भुजंग बराच वेळ खटपट करत राहिला.

"ताई, दुसरीकडं कुठं कॉपी ठेवली का?"

"डी ड्राइव्हला हाय."

"ते बी ह्याच डब्यात हाय ना. त्यालाबी कुलूप लागलं. अन् पैसे भरले तरी उघडंल याचा भरोसा न्हाई."

"मंग?"

"सगळं पुसून नवी सिस्टीम टाकतो. बिलकुल जल्दी चालंल."

"टाका," शिवकन्या म्हणाली.

स्क्रीनवर पुसल्याचा आकडा चढत गेला. बारा टक्के, चाळीस, नव्वद. रडू येईल म्हणून तिनं पदर हातात धरला होता. आलं नाही.

शनिवारी आई आली, स्टुलावर बसली. "लाव."

"न्हाई माय. आबाचं सगळं गेलं मशीनमधून."

"कुठं गेलं?"

शिवकन्यानं रिकामी स्क्रीन तिच्याकडं वळवली. आई मग स्वतःच एक लांब ओवी सांगू लागली. चाल नाही, नुसते शब्द. शिवकन्या अर्जातला मजकूर उतरवावा तशी टाइप करत गेली. सातव्या ओळीला आई अडली.

"पुढं काय व्हतं गं?"

"मला न्हाई येत."

दारात एक माणूस कागद घेऊन उभा होता. शिवकन्यानं कागद घ्यायला त्याच्याकडं हात केला.