न विचारता दिलेलं मडकं

भूमला आमच्या गल्लीत मडकं घ्यायचं म्हणजे आधी कुंभारमामीची बोलणी खायची. गिऱ्हाइकानं टिचकी मारून मडकं वाजवून बघितलं की तिचं डोकं फिरायचं. एकदा वाजवा, दुसऱ्यांदा वाजवलंत तर माझ्या हातावर तुमचा भरवसा नाही असं समजेन, असं ती तोंडावर सांगायची. तिसरी टिचकी मारणाऱ्याच्या हातातून तिनं माठ काढून घेतलेला मी बघितला आहे. मामा वारल्यावर ती स्वतः चाकावर बसली. बाईमाणसानं चाक फिरवू नये म्हणून भाऊबंदांनी कालवा केला, तेव्हा "मग तुमी या फिरवायला," एवढंच ती म्हणाली. कुणी आलं नाही. आसपास मातीकाम करणारं दुसरं घरच उरलं नव्हतं.

फक्त एका मडक्यापुरतं तिचं तोंड बंद असायचं. ते म्हणजे मयताचं मडकं. ते घेणारा वाजवून घेत नाही, आणि कुणासाठी हे कुंभारानं विचारायचं नाही, असा रिवाज. माणूस दारात येऊन खाली मान घालून उभा राहिला की मामी चाक सोडून उठायची, मडकं हातात द्यायची आणि पाठ फिरवायची.

सुली तिची एकुलती एक लेक, माझ्या बरोबरीची. जवळच्याच गावात दिली होती. सासरच्यांनी चाक कधीच मोडीत काढून टेम्पो घेतला होता. आठव्या महिन्यात एका सकाळी सुलीला कळा सुरू झाल्या तेव्हा तो टेम्पो दारातच उभा होता, पण त्यात कांदा भरला होता. नवरा म्हणाला, आधी कांदा बाजारात टाकून येतो. तो दुपारी परत आला, तोवर सुली संपली होती.

एवढ्यावर थांबले असते तर ते लोक कसले. मामीला निरोप द्यायच्या आधी त्यांनी तिच्याकडं मडक्याला माणूस धाडला. तिनं रिवाजाप्रमाणं विचारलं नाही, तोही बोलला नाही. आमच्या घरी मात्र सुली गेल्याचा फोन येऊन गेला होता. सांगेल तिच्या नात्यातलं कुणीतरी, असं म्हणत मी आणि आई आमच्या दारात उभ्या राहिलो, आणि मामी स्वतःच्या लेकीचं मडकं देत असताना नुसत्या बघत राहिलो. सासरच्यांना मी खुशाल शिव्या देते. त्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या मला कोणती शिवी द्यावी, ते अजून सुचलेलं नाही.

मामीला निरोप मागाहून पोचला. तिसऱ्या दिवशी, माणसं राख सावडायला जायच्या आधीच, ती सुलीच्या सासरच्या स्मशानात गेली आणि जावयानं फोडलेल्या मडक्याची खापरं ओच्यातून घरी घेऊन आली. मसणातली वस्तू कुणी माघारी आणत नाही. गल्ली हादरली. मामी ओट्यावर बसून चुन्यात बेलफळाचा गर कालवायची आणि एकेक खापर जोडायची. प्रत्येक खापराला एकाचं नाव आणि एक शिवी. सासू, दीर, जावई, मडकं न्यायला आलेला तो माणूस. जोड धरेपर्यंत ती खापर दोन्ही हातांनी दाबून ठेवायची. तेवढा वेळ शिव्या थांबायच्या आणि डोळ्यांतून पाणी वाहायचं.

बायकांनी तिच्याकडून माठ घेणं बंद केलं. तिला शहाणपण शिकवायला गेले मीच. मामी, टाकून द्या ते, लोक नावं ठेवतात, असं म्हणाले.

"ठिवू दे," ती खापर दाबत म्हणाली. "तुझं नाव बी घेऊन झालंय. त्या दिशी तू दारात हुतीस. म्या नंतर समदं आठवलं."

वर्षाच्या आत जावयाचं दुसरं लग्न ठरलं. मांडवाची मडकी कुंभाराच्या घरून वाजतगाजत न्यावी लागतात आणि इथं कुंभार एकच. सुलीची सासू हळदीकुंकवाचं ताट आणि हलगीवाले घेऊन बिनदिक्कत मामीच्या दारात आली. इतका कोडगेपणा मी पुन्हा कुठं पाहिला नाही. मामी आता ताट भिरकावणार म्हणून गल्ली दारादारांत गोळा झाली. मामीनं काहीच भिरकावलं नाही. आतून ते जोडलेलं मडकं आणून सासूच्या पुढ्यात ठेवलं.

"मागल्या खेपंला म्या इचारलं न्हाय," ती म्हणाली. "आज इचारते. कुणासाठी पायजे?"

हलगी थांबली. मसणातून आणलेल्या त्या मडक्यासमोर सासूला होणाऱ्या सुनेचं नाव घेता येईना. या खेपेला मीही दारात थांबले नाही. रस्ता ओलांडून मामीच्या ओट्यावर तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पण जराशी सरकून जागा दिली. सासू रिकाम्या हातानं परत गेली.

तेव्हापासून मामी मयताच्या मडक्यालाही विचारायची, कुणासाठी. लोक चिडायचे, पण सांगायचे. मागच्या वर्षी ती गेली. तिच्या मयताचं मडकं दुसऱ्या गावच्या बाजारातून आणावं लागलं. तिचा पुतण्या ते जोडलेलं मडकं उकिरड्यावर टाकायला निघाला, तेव्हा मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

आता ते धाराशिवला माझ्या घरात, दारातून आत येताच दिसेल असं ठेवलं आहे. त्यात पाणी राहत नाही. आलेगेले विचारतात, हे फुटकं मडकं कुणाचं. सुलीचं, मी म्हणते. मग त्यांना बसवून सगळं सांगते, मी दारात उभी होते तेसुद्धा.