दोरीवरचे दोन टॉवेल

सर गेल्याचा फोन जानूभाऊंनी केला. "सुधीरभाऊ, सर उठत नाहीत," एवढंच म्हणाले, आणि मग बराच वेळ फोनवर नुसता कोंबडा ऐकू येत राहिला… मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेले म्हणाले. अरविंद सर खाटेवर होते, चादर गळ्यापर्यंत नीट ओढलेली, चष्मा उशाशी. आणि निम्मं आयुष्य जव्हारच्या या दोन खोल्यांत सरांबरोबर काढलेले जानूभाऊ मधोमध उभे राहून भिंतींकडे बघत होते. मला वाटलं, रडू आवरताहेत. पण ते म्हणाले, "निखिल नाशकावरून निघालाय. वहिनी पण येतायत. जीप मागच्या दाराला लावतो."

निखिल म्हणजे सरांचा पुतण्या, वहिनी त्याची आई. जीप कशाला, हे मला विचारावं लागलं नाही. जानूभाऊंचे शर्ट, कंगवा, दाढीचं सामान, डोक्याला गुंडाळायचा पंचा, खाटेखालच्या चपला, दोरीवरचा निळा टॉवेल… मी एकेक वस्तू हातात देत गेलो आणि जानूभाऊ जीपमध्ये ठेवत गेले. तासाभरात ते घर एकट्या माणसाचं दिसायला लागलं, आणि निखिल पोचायच्या आत जानूभाऊ जीप घेऊन निघूनही गेले. काय कुठं आहे, कुणी काय उचलायचं, दोघांनाही ठाऊक होतं, कारण हा प्रसंग आम्ही याआधी अनेकदा केला होता. रंगमंचावर. तेव्हा लोक हसायचे.

सर तरुणपणी इथल्या हायस्कूलवर मराठी शिकवायला आले. शाळा सोडलेल्या मुलांच्या घरी जाऊन त्यांना परत आणायचं वेड त्यांना होतं, आणि दाभोशाकडच्या पाड्यांवर जायचं तर जीपशिवाय सोय नव्हती. जीप साखरशेतच्या जानूभाऊंची. मास्तर माणूस म्हणून त्यांनी सरांना पुढच्या सीटवर बसवलं, आणि पुढची सीट मग कायमची सरांची झाली. एका पावसाळ्यात रस्ता खचला म्हणून जानूभाऊ काही दिवस सरांकडे मुक्कामाला राहिले. रस्ता दुरुस्त झाला. जानूभाऊ परत गेले नाहीत. गावाला माहीत होतं आणि गावानं कधी विचारलं नाही. लग्नाच्या पत्रिकेवर 'अरविंद सर' एवढंच असायचं, पण देणारा निघताना उंबऱ्यातून म्हणायचा, "जानूला पण घेऊन या सर."

आमच्या हौशी नाटकमंडळीत मी सरांच्या हाताखाली तयार झालो. एकदा त्यांनी एक जुनं फ्रेंच प्रहसन वाचायला घेतलं. दोन पुरुषांचा वर्षानुवर्षांचा संसार. त्यांनी वाढवलेल्या मुलाचं लग्न ठरतं, मुलीचा बाप कडक, सोवळा. पाहुणे जेवायला येणार म्हणून घरातून एका माणसाच्या सगळ्या खुणा पुसायच्या, आणि शेवटी तोच माणूस आई बनून लुगड्यात बाहेर येतो. सरांनी ते इकडे आणलं, त्या दोघांना मंडपवाले केलं. लुगड्यातला माणूस स्वतः सर, त्यांना लपवणारा मी. मी स्टेजवरून सामान विंगेत द्यायचो आणि विंगेत जानूभाऊ ते घ्यायचे. नऊवारी पण तेच नेसवायचे. बोहाड्यात, म्हणजे गावच्या सोंगांच्या उत्सवात, त्यांच्या घराकडे देवीचं सोंग असतं. मुखवटा लावून, लुगडं नेसून घरातला पुरुषच नाचतो. त्यामुळे त्यांचा हात बसलेला होता. निऱ्या घालताना म्हणायचे, "सर, पोट आत घ्या. देवी एवढी जेवत नाय." सर म्हणायचे, "जेवू घालतं कोण?"

तालमीत मी विचारलं होतं, "सर, हे तिकडचं नाटक इथं कुणाला कळणार?"

"पाहुणे यायचे असले की तुमच्या घरात काय काय लपवतात रे?"

मी म्हणालो, "पसारा. वडिलांची बाटली." आणि मग हळूच म्हणालो, "आजीला आत बसवायचे, सर. तिला पुस्तकातली मराठी यायची नाही, आमच्या पाड्याचंच बोलायची. बहिणीला बघायला आले तेव्हा ती दिवसभर आतल्या खोलीत होती."

सर हसले नाहीत. म्हणाले, "म्हणून हे नाटक म्हातारं होत नाही. आपापलं कोण आत बसलंय, ते बघायला येतात लोक. हसतात, कारण रडायला लाज वाटते."

शहरातल्या स्पर्धेत आमचा प्रयोग झाला. सर लुगड्यात आले मात्र, सभागृह जे खिदळायला लागलं ते थांबेना. बक्षीस मिळालं, पण परतीच्या वाटेवर सरांनी ते हातातही घेतलं नाही. पुढचा प्रयोग मोखाड्याला, बाजाराच्या दिवशी, भरदुपारी मंडपात. तिथं सर लुगड्यात आले आणि कुणीही हसलं नाही. देवीच्या सोंगात पुरुष बघतच ही माणसं लहानाची मोठी झालेली, त्यात नवल कसलं? हसले ते सोवळ्या व्याह्याची फजिती होताना, अगदी पोट धरून. आणि त्याही आधी, मी सरांचं सामान विंगेत द्यायला लागलो तेव्हा पुढं बसलेली एक म्हातारी उठून उभीच राहिली. "आरं, त्याला कुठं घालवतोस? भाकर तोच भाजतो ना? उद्या खाशील काय?" मी संवाद विसरलो. सरांनी स्टेजवरूनच हात जोडले. "आजे, तूच सांग याला." मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. विंगेत बघितलं, तर जानूभाऊ सरांचा तांब्या पोटाशी धरून हसता हसता डोळे पुसत होते. घरी भाकरी तेच भाजायचे.

नाटकाच्या शेवटी ते सामान परत येतं. तिथं मी नेहमी घाई करायचो. सर चिडायचे. "नेताना घाई, परत आणताना नाही. एकेक वस्तू जागेवर ठेव. प्रयोग तिथं आहे."

आता मला जे सांगायचंय ते… सरांच्या निधनाची बातमी मीच लिहून दिली होती. 'ते अविवाहित होते. त्यांच्या पश्चात भावजय व पुतण्या असा परिवार आहे.' हात एकदाही थांबला नाही. दहाव्याला जानूभाऊ मागं, घरच्यांच्या नजरेआड, गाड्या लावल्या होत्या तिकडे उभे होते. कुणीतरी विचारलं, ते कोण? मी म्हणालो, "जीपवाले." मग ते तसेच साखरशेतला भावाकडे परतले. आपण त्यांना सांभाळून घेतलं, लोकांच्या बोलण्यापासून वाचवलं, असं मी स्वतःला सांगत होतो. झोप मात्र लागत नव्हती.

गेल्या आठवड्यात निखिल घर बघायला आला. किल्ली माझ्याकडे होती. आत येऊन तो बराच वेळ दोरीकडे बघत राहिला. तिथं सरांचा पांढरा टॉवेल त्या सकाळपासून तसाच होता, आणि शेजारी निम्मी दोरी रिकामी.

"सुधीरकाका, तुम्हाला एक विचारू? जानूकाका कधी सोडून गेले?"

मला कळेना. "सोडून म्हणजे?"

"मी आलो त्या दिवशी त्यांचं काहीच नव्हतं इथं. लहानपणी सुट्टीत यायचो तेव्हा या दोरीवर दोन टॉवेल असायचे, पांढरा आणि निळा. मला वाटलं, शेवटी काहीतरी बिनसलं असणार. काका एकटेच गेले. आई अजून त्यावरून रडते. म्हणते, एवढं जन्मभर केलं आणि शेवटाला नव्हते."

मी खाटेवर बसलो. ज्यांच्यापासून लपवलं त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं, आणि आमच्या त्या नीटनेटक्या कामानं जानूभाऊ लपले नव्हते, बेइमान ठरले होते. सरांनी असा प्रवेश लिहिला असता तर मीच म्हणालो असतो, फार ओढूनताणून आहे. मी निखिलला सगळं सांगितलं. मागच्या दाराला लावलेल्या जीपसकट. तो म्हणाला, "घराचं नंतर बघू. आधी त्यांना बोलवा."

फोनवर जानूभाऊ आधी नाही म्हणाले. मग निखिलनं माझ्या हातातून फोन घेतला. "जानूकाका, मी उपाशी आहे. भाकरी कोण भाजणार?"

दुपार कलताना जीप आली. या वेळी पुढच्या दाराला. सामान अजून मागच्या सीटवरच होतं; त्यांनी ते साखरशेतला उतरवलंच नव्हतं. निखिल वाकून पाया पडला, तेव्हा जानूभाऊ सरांच्या खुर्चीचा हात धरून उभे राहिले. मग आम्ही सामान आणायला लागलो. मी दोन्ही हातांत सगळं एकदम उचललं, तशी त्यांनी मला अडवलं. "सर काय सांगायचे? परत आणताना घाई नाय."

हे सगळं जानूभाऊंना विचारूनच लिहितो आहे. म्हणाले, "लिहा. जीपचा नंबर तेवढा नका लिहू, लोक फुकटात बसतात." तेव्हा त्या बातमीत माझ्याकडून राहिलेली ओळ इथं लिहितो. सरांच्या पश्चात त्यांचे जोडीदार जानूभाऊ आहेत. पुतण्या आणि भावजय आहेत. हा क्रम आहे.

निळा टॉवेल सगळ्यात शेवटी आला. सरांना एक खोड होती, घरातून निघताना ते दोरीवरच्या दोन्ही टॉवेलांच्या कडा ओढून एका रेषेत आणायचे, आणि जानूभाऊ मागून म्हणायचे, "इन्स्पेक्शनला येणार आहे का कोण?" त्या दिवशी जानूभाऊंनी आपला टॉवेल पांढऱ्याच्या शेजारी टाकला आणि चूल पेटवायला आत वळले. दारापर्यंत गेले, थांबले, परत आले… आणि दोन्ही कडा ओढून एका रेषेत केल्या.