कडक माल

गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात एक मेकॅनिक आहे, त्याला सगळे तापड्या म्हणतात. पाना नटावरून सटकला तर तो पान्याला शिव्या घालतो, नटाला घालतो आणि बाजूला कुणी उभं असेल तर त्यालाही त्यातलं थोडं मिळतं. पण गाडीच्या शॉकअपचं काम असलं की लोक शिव्या खायची तयारी ठेवून त्याच्याकडेच येतात. हात तसा आहे.

तो हात उस्तादांनी दिलेला. आठवीत शाळेनं तापड्याला सोडलं की तापड्यानं शाळेला, यावर अजून वाद आहे. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी त्याच्या हातात तेलकट फडकं दिलं, यावर मात्र वाद नाही. तेव्हापासून उस्तादांविषयी कुणी वाकडा शब्द काढला तर तापड्या हातातलं काम टाकून उठतो.

आता उस्ताद घरी असतात. मणका सरकलाय. आठवड्यातून तीन वेळा व्यायामाला यायचं, नाहीतर डावा पाय हातचा जाईल, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलंय. त्यांची मुलगी जुन्या गाडीतून घेऊन जाते. त्या गाडीचे पुढचे दोन्ही माउंट गेले होते. माउंट म्हणजे शॉकअपच्या डोक्यावर बसलेली रबराची जाड चकती. खड्ड्याचा दणका ती गिळते म्हणून आपली पाठ वाचते. सोमवारी तापड्यानं नवे मागवले, स्वतः बसवले, आणि टकटक बंद झाली म्हणून खूश झाला.

शनिवारी उस्तादांची मुलगी चालत गॅरेजात आली. तापड्या तिला ताई म्हणतो. तिनं सांगितलं की बाबा बुधवारी गेले नाहीत, शुक्रवारीही नाहीत. आता बरं वाटतंय म्हणतात, आणि भिंत धरून मोरीपर्यंत जातात.

"बरं वाटत असेल तर भिंत कशाला?" तापड्या म्हणाला.

ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "सोमवारी जाताना-येताना प्रत्येक गतिरोधकाला दात आवळून बसले होते रे. मी म्हटलं तापड्याला सांगते. तर म्हणाले, खबरदार, पोरानं हौसेनं काम केलंय."

तापड्याच्या कानशिलातून वाफ निघायची तेवढी राहिली. चावी घेतली, त्यांच्या दारातली गाडी आणली, पुढचा शॉकअप खाली उतरवला, स्प्रिंग शिकंज्यात दाबून धरली आणि माउंट काढला. रबरावर अंगठ्याचं नख दाबलं. नख वाकलं. रबर जागचं हललं नाही. हे शर्यतीच्या गाड्यांना लावतात ते, दगडासारखं. दहा वर्षं टिकेल, आणि दहा वर्षं एकेक खडा माणसाच्या कण्यात नेऊन टाकेल.

माउंट घेऊन तापड्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला आणि त्यानं तो काउंटरवर आपटला. काउंटरवाला टकल्या त्याचा जुना दोस्त, तो जागचा हलला नाही. तापड्यानं त्याचं खानदान, दुकान, टक्कल, सगळं काढलं. दोन गिऱ्हाइकं हळूच बाहेर सटकली. सगळं बोलून झाल्यावर टकल्या म्हणाला, "फोनवर काय म्हणाला होतास?"

"म्हणालो, उस्तादांच्या गाडीचे आहेत, एकदम कडक माल दे."

"मग? ह्याच्यापेक्षा कडक माझ्याकडे नाही."

तापड्याच्या तोंडात चांगल्या गोष्टीला दुसरा शब्दच नव्हता. चहा कडक, गाणं कडक, मित्राचा नवा शर्टही कडक. आणि उस्ताद पंधरा वर्षं सांगत आले होते, डब्यावर भरवसा ठेवू नकोस, नखावर ठेव. सोमवारी घाई होती, डबा सीलबंद होता, नख लावायचं राहून गेलं. आता राग काढायला समोर कुणी उरलं नव्हतं. असा राग फार वाईट, त्याला बाहेर पडायला दार नसतं.

"सगळे डबे काढ," तो म्हणाला.

टकल्यानं काढले. एक इतका मऊ की नख सरळ आत, पावसाळाभरही टिकायचा नाही. एकाला रबर छान होतं, पण लोखंडाशी चिकटलं होतं तिथे केसाएवढी फट. एकाच्या मधलं बेअरिंग कानाशी फिरवलं तर वाळू चावल्यासारखं करकरलं. शेवटच्या जोडीवर नख दाबलं की खूण उठायची आणि चार श्वासांत भरून यायची. कडेला फट नाही, बेअरिंगचा आवाज नाही. तापड्यानं ती घेतली. जाताना टकल्याला म्हणाला, पुढच्या वेळी मी कडक म्हणालो तर विचार, कसलं.

उस्तादांच्या दारात त्यानं दोन्ही बाजू बसवल्या. मधला नट मात्र सैल ठेवला, गाडी जॅकवरून खाली घेतली आणि घरात गेला. "चला, बसा गाडीत. रबराला वजन कळल्याशिवाय नट आवळायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंय."

"अरे, पहिलं काम छान होतं," उस्ताद म्हणाले.

"भिकार होतं," तापड्या ओरडला. "आणि तुम्ही ते दात आवळून झाकलंत. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याची सालं काढली असतीत. मी काय पाहुणा आहे?"

उस्ताद ताईचा हात धरून गाडीत बसले. तापड्यानं नट आवळले आणि गाडी स्वतः चालवत थेट व्यायामाच्या दवाखान्याच्या रस्त्याला घातली. पहिला गतिरोधक आला. त्यानं आरशात पाहिलं. उस्तादांचा जबडा सैल होता. दुसरा आला, तिसरा गेला.

चौथ्यानंतर मागून आवाज आला. "मागची उजवी बाजू वाजतेय. बहिरा झालास काय?"

"बघतो, उस्ताद," तापड्या म्हणाला, आणि बाहीनं नाक पुसत पुढच्या रिक्षावाल्याला उगाचच एक शिवी हासडली.