भोकाचं नाणं

माणमध्ये हैबतरावांकडे भाड्याची खोली बघायला आलेल्या पोरांना खोलीआधी नाणी बघावी लागतात. नाणीही साधी नव्हेत. स्पेनच्या राजाने शेकडो वर्षांपूर्वी मेक्सिकोत पाडलेली, जहाजासकट समुद्रात बुडालेली आणि पाणबुड्यांनी वर काढलेली. हातोड्याने ठोकलेली चांदी ती, एकही धड गोल नाही. त्यांच्या पत्नी सारजाबाई या नाण्यांना खडीसाखर म्हणतात. हैबतराव रागावत नाहीत. त्यांच्या आजीचं माहेर मुळशीच्या धरणात गेलं, त्यामुळे बुडालेलं काहीही वर आलं की या माणसाचा जीव त्यात अडकतो.

नात झाली आणि पंचाईत झाली. तान्ह्या लेकराच्या गळ्यात राखणीला काळ्या दोऱ्यात जुनं चांदीचं नाणं घालायची सारजाबाईंच्या माहेरची रीत. त्यांनी सरळ नाण्यांचा डबा उघडून त्यातलं सर्वांत देखणं नाणं निवडलं आणि नवऱ्याला पौडच्या सोनाराकडून भोक पाडून आणायला सांगितलं. भोक पडलं की नाणं संग्रहातून उठलं, हे हैबतरावांनी परोपरीने समजावलं. नवीन नाणं आणतो म्हणाले, वर वाळेही आणतो म्हणाले.

"नव्या चांदीनं काय बघितलंय?" सारजाबाई म्हणाल्या. "ही बुडूनबी वर आलीया. पोरीला आसलीच पायजे."

हे तर हैबतरावांचंच बोलणं, खोडणार कसं? मग घरात चहा मुक्यानेच येऊ लागला.

शेवटी हैबतरावांनी डब्याच्या तळातून कागदाची पुडी काढली. आतलं नाणं त्यांनी कुणाला दाखवलेलं नव्हतं. फोटो बघून मागवताना काळा डाग वाटला तो हातात आल्यावर भोक निघाला होता, आणि फसलो हे बायकोला सांगतंय कोण?

सारजाबाईंनी ते खिडकीपाशी नेऊन भोकावरून बोट फिरवलं. एका बाजूने कड गुळगुळीत झाली होती.

"आवं, हे दोऱ्यानं झिजलंय. कुणाच्या तरी गळ्यातलं हाय."

हैबतराव चाचरत म्हणाले, "पर सारजा, ते जहाज बुडालं की."

"म्हंजी त्याची राखण आर्धीच ऱ्हायली न्हवं का," सारजाबाई दोरा ओवत म्हणाल्या. "ऱ्हायलेली हितं करंल."

हल्ली नाण्यांचे शौकीन घरी आले की हैबतराव डबा दाखवून झाल्यावर आपणहून सांगतात, "आजून एक हाय, भोकाचं. पर ते सध्या वापरात हाय."